सायफरवाल्याची संमती

पत्रकं लिहिते, असं सांगितलं की लोक विचारतात, "ते झालं, पण काम काय करता?" हेच काम. कॉलेज सुटल्यापासून हेच. वर्धा जिल्ह्यात एस.टी. स्टँडवर, रेशनच्या रांगेत किंवा आठवडी बाजारात तुमच्या हातात कोणी पिवळा नाहीतर गुलाबी कागद कोंबला असेल आणि त्यावर 'हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही' अशा धाटणीचं काही छापलेलं असेल, तर तो बहुतेक मी लिहिलेला. तुम्ही त्यात भजी खाल्ली असतील. हरकत नाही. भजी संपली की माणूस कागद वाचतो. तेल लागलेलं पत्रक कोरड्यापेक्षा जास्त वाचलं जातं, हे मी स्वतः उभी राहून पाहिलंय.

या धंद्याचे नियम थोडे आहेत. एक पान, एक मागणी. 'तथापि', 'सदरहू', 'अन्वये' हे शब्द सरकारचे आहेत, ते सरकारकडेच राहू द्यावेत. अक्षर एवढं मोठं की चष्मा घरी विसरलेल्या म्हातारीलाही वाचता आलं पाहिजे. आणि अपवाद लिहायचा नाही. अपवाद लिहिला की वाचणारा आधी जाऊन अपवादात बसतो आणि म्हणतो, हे आपल्यासाठी नाहीच. कारंजा घाडग्याला हायवेवरच्या धाब्यांवर काम करणाऱ्या पोरांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून पत्रक काढलं होतं. एका धाबेवाल्यानं मला बोलावून चहा पाजला, पत्रकाची फार तारीफ केली आणि गठ्ठाभर प्रती मागितल्या. मला वाटलं, माणूस सुधारला. तर तो त्या प्रती समोरच्या धाब्यावरच्या पोरांना वाटणार होता. स्वतःच्या पोरांना एक दिली नाही. अशा लोकांशी आमचा रोजचा संबंध. राग येतो, पण असा राग मला समजतो. कोण खोटं बोलतोय, कोण दाबतोय, हे दिसतं. मग लिहायला सोपं जातं.

भाऊराव तागड्यांचा प्रसंग मात्र मला अजून समजलेला नाही. म्हणून तोच सांगते.

आमच्या रुग्णहक्काच्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'तुमच्या होकाराशिवाय सुरी नाही'. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की शरीर तुमचं आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे तुम्ही सांगायचं. ना मुलानं, ना डॉक्टरनं, ना नवऱ्यानं. हे शेवटचं मी मुद्दाम बायांसाठी घातलं होतं. आपल्याकडे बाईच्या पोटाचं ऑपरेशन नवऱ्याला विचारून होतं आणि तिला बाहेर आल्यावर कळतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी कुठल्याही बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन एक दिवस बसावं. पत्रकाच्या खाली माझा मोबाइल नंबर.

त्या नंबरावर एका सकाळी फोन आला. बाई पुलगावजवळच्या नाचणगावच्या. नाव कौसल्याबाई तागडे. म्हणाल्या, "पोरी, तूच लिहिलं ना, होकाराबिगर कापत नाई म्हणून? मंग ये इथं. माह्या मालकाचा पाय कापून राह्यले."

मी लगेच निघाले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. आपला कागद कोणीतरी धरून उभं राहिलंय, याचा आनंद पत्रकवाल्यांना फार क्वचित मिळतो.

वर्ध्याजवळच्या त्या मोठ्या दवाखान्यात पोचले तर चित्र वेगळं होतं. भाऊराव खाटेवर होते. पंचाहत्तरीचे, उंच, हाडापेराने मजबूत. साखरेचा जुना आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडत घोट्याच्या वर आली होती. त्यातच लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाय गुडघ्याखालून काढला नाही तर विष अंगात भिनेल, हे डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, नांदेडकडच्या, डोळ्यांखाली काळं झालेलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. माझं पत्रक त्यांनी वाचलं होतं आणि चांगलं आहे म्हणाल्या. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

पेशंट स्वतः सांगू शकत नसेल तर घरच्यांची सही चालते, असं त्या म्हणाल्या. मुलगा प्रमोद सही करायला तयार होता, पण आई समोर असताना तिच्या विरोधात जाऊन डॉक्टरांना सुरी लावायची नव्हती. "आजचा दिवस थांबू शकते, फार तर उद्याचा," त्या म्हणाल्या. "त्यानंतर पायाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे."

कौसल्याबाईंनी पत्रक छातीशी धरलं होतं. घडीवर गव्हाचा भुसा लागलेला. त्याची गोष्ट नंतर कळली. भाऊरावांना कागद जाळायची सवय होती. आलेला कोणताही कागद वाचून झाला की चुलीत. लग्नाची पत्रिका वाचली, तारीख पाठ केली, जाळली. विजेचं बिल भरलं, पावतीसकट जाळलं. घरात एक जुना कागद सापडायचा नाही. लाइनमन दोनदा मीटर काढायला आला होता, कारण बिल भरल्याचा पुरावाच नव्हता. म्हणून हे पत्रक बाईंनी बाजारातून आणलं तसं थेट गव्हाच्या कोठीत खुपसलं होतं.

"बावाजी बोलत नाहीत, मग होकार कसा घ्यायचा, मावशी?" मी विचारलं.

"बोलत नाई कोण म्हणते? सकाळपासून बोलूनच राह्यले."

ते खरं होतं. भाऊराव डोळे मिटून बोलत होते. नुसते आकडे. इंग्रजीतले. "फोर, नाइनर, टू, झीरो, सेव्हन." नाइनला ते नाइनरच म्हणत. थोडं थांबायचं. मग पुढचे पाच. आवाज जड होता, पण आकडे सरळ, घाई नाही. पाच-पाचाचे असे काही घोळके झाले की गप्प बसायचे, कान देऊन ऐकल्यासारखं करायचे आणि परत पहिल्यापासून सुरू. डॉक्टर म्हणाल्या, अशा झटक्यात शब्द जातात, पण आकडे, प्रार्थना, शिव्या असं तोंडात बसलेलं राहतं. त्याला अर्थ असेलच असं नाही.

मी चिडले. माणूस सकाळपासून काहीतरी सांगतोय आणि तुम्ही म्हणता अर्थ नाही? प्रमोद बाजूला उभा होता, तो माझ्यावरच चिडला होता. "बाबा फौजेत सिग्नलले होते, वायरलेसवर," तो म्हणाला. "जिंदगीभर आकडेच केले. आता तेच बाहेर निंघून राह्यले. तुम्ही तुमचा कागद वापस घ्या न् जा, ताई. माह्या बापाचा पाय तुमच्या कागदापायी सडून राह्यला."

हे वाक्य मला लागलं. लागलं म्हणूनच मी गेले नाही.

कौसल्याबाईंना मी विचारलं, बावाजी सिग्नलमध्ये नेमकं काय करायचे. त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे काहीच माहीत नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी त्यांचं नवं लग्न झालेलं. नवरा कुठल्या सीमेवर आहे हे तेव्हा कळलं नाही आणि आजपर्यंत कळलेलं नाही. पत्र यायचं, मी बरा आहे, तू बरी राह्य. एवढंच. सुट्टीवर आल्यावर विचारलं तर म्हणायचे, सायफर. पुढे विचारलं तर उठून बैलाकडे जायचे.

सायफर हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे हे आकडे म्हणजे गुप्त भाषा. माणूस वाचा गेल्यावर आपल्या जुन्या भाषेत बोलतोय आणि आपण अडाणी लोक त्याच्या पायावर सुरी घेऊन उभे आहोत. मी आकडे उतरवून घेतले आणि आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'तातडीचं. याचा अर्थ लावा. एका माणसाचा पाय अवलंबून आहे.'

आता आमचे कार्यकर्ते. एकदा काम दिलं की मागे हटत नाहीत. हिंगणघाटच्या एका इंजिनीअरिंगच्या पोरानं आकड्यांच्या जागी अक्षरं बसवून 'पाणी द्या' असं काढलं. पाणी तर बाई चमच्यानं देतच होत्या. देवळीच्या एका ताईंना वाटलं, हा बँकेच्या लॉकरचा नंबर आहे. एकानं दोन घोळके जोडून त्या नंबरावर चक्क फोन लावला. तो पेंट-हार्डवेअरच्या दुकानात लागला आणि दुकानदारानं त्याला दारांच्या बिजागऱ्यांचा भाव सांगितला. प्रमोदही गुपचूप खटपट करत होता. त्याच्या हिशेबात 'करा' येत होतं. आणि मी? मीही दवाखान्याच्या जिन्यात बसून पेन्सिलनं मांडत होते. माझं उत्तर आलं, 'नको'. फार स्वच्छ आलं. थोडे आकडे वगळावे लागले, पण आलं.

ते घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "वगळलेले कोणते?" मी दाखवले. अर्ध्याहून जास्त होते. त्यांनी कागद मला परत दिला. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा कौसल्याबाईंना आठवलं की दर हिवाळ्यात एक जुना फौजी साथीदार संत्र्याची टोपली घेऊन घरी येतो. महादेवराव ढोले, कारंजाकडचे. दोघं ओसरीत बसतात, चहा पितात, एक अक्षर बोलत नाहीत आणि महादेवराव निघून जातात. त्यांचा नंबर? नंबर एका चिठ्ठीवर होता. चिठ्ठीचं काय झालं हे तुम्हाला सांगायला नको.

मी कारंज्याची बस धरली. हायवेवर उतरून त्याच धाब्यावर विचारलं, ज्याच्या मालकानं पत्रकाचा गठ्ठा मागितला होता. मालकानं मला ओळखलं आणि घाईनं, मी लवकर जावं अशा घाईनं, ढोलेंचा बगीचा दाखवला. महादेवराव संत्र्याच्या झाडांना आळी करत होते. बारीक, चटपटीत म्हातारा, अंगात बंडी. मी सगळं सांगितलं आणि आकड्यांचा कागद पुढे केला. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही.

"हे कोणी लिहून घेतलं?"

"मी."

"जाळून टाक."

मी म्हटलं, पन्नास वर्षं होऊन गेली. त्या मशिनी भंगारात गेल्या असतील. आता कोणापासून लपवताय? तिकडे तुमच्या दोस्ताचा पाय सडतोय. ते म्हणाले, "तू पत्रकवाली ना? तुले सांगतलं म्हणजे चौकात टांगलं." मी म्हटलं, हो, टांगेन, माझं कामच ते आहे. लपवालपवीनं गरिबाचं कधी भलं झालंय? यावर ते हसले. मग फावडं ठेवलं, धुऱ्याच्या बांधावर बसले आणि जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. ते आता सगळीकडे छापलेलं आहे म्हणून मी लिहिते. बाकी त्यांनी सांगितलं नाही आणि मी लिहिणार नाही.

लढाईत वायरलेसवर बोललेलं शत्रूलाही ऐकू जातं. म्हणून शब्दांचे आकडे करायचे. प्रत्येक शब्दाला एक आकडा, हे ठरलेलं. पण तेवढ्यानं भागत नाही, शत्रू काही दिवसांत ओळखतो. म्हणून त्या आकड्यांत आणखी आकडे मिळवायचे. ते छापलेले असतात लहान लहान पानांवर. एक पान आपल्याकडे, तस्संच एक समोरच्याकडे, तिसरं जगात कुठं नाही. एक निरोप, एक पान. निरोप गेला की पान जाळायचं. समोरचाही जाळणार. मग तो निरोप कोणाच्या बापाला उलगडत नाही.

"मग लढाईत कोड फोडतात ते कसे?" मी विचारलं.

"फोडणारा हुशार म्हणून नाई फुटत. पाठवणारा आळशी म्हणून फुटते. थकला, झोप आली, न् तेच पान दुसऱ्यांदा वापरलं. नाईतं रोज निरोपाच्या सुरुवातीले तोच रामराम घातला. तिकडचा बसलाच आहे कान लावून, त्याले तेवढीच फट पुरते." मग म्हणाले, "भाऊरावनं दोनदा एक पान नाई वापरलं. कधीच."

आता मला ते चुलीतले कागद समजले. आणि माझा पेन्सिलीचा 'नको' किती किमतीचा होता तेही.

"म्हणजे हे आकडे कधीच कळणार नाहीत," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला. वाचला. परत वाचला. "हा निरोप नाईच आहे," ते म्हणाले. "हे लाइन पाहाचे आकडे आहेत. सकाळी लाइन लावली का आंधी असे कोणतेबी आकडे सोडाचे. समोरच्यानं ऐकून तेच्या तेच परत बोलाचे. बरोबर आले तं समजाचं, लाइन साफ आहे. मंग निरोप द्याचा. परत नाई आले तं पुन्हा सोडाचे. आले नाई, पुन्हा सोडाचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथं कोणी परत बोललं का त्याले?"

कोणी बोललं नव्हतं. आम्ही अर्थ काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट घालून. कौसल्याबाईंना जयभीम केला, प्रमोदच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर राउंडवर होत्या, त्याही थांबल्या. काळेपण रात्रीत बोटभर वर चढलं होतं, हे त्यांनी मला आधीच दाखवलं होतं. आज दुपारी ठरवावंच लागेल, असंही सांगितलं होतं.

महादेवराव भाऊरावांच्या उशाशी बसले. नाव घेतलं नाही, हात धरला नाही. पाच आकडे होऊ दिले आणि तसेच्या तसे परत बोलले. शेवटी फौजी हिंदीत म्हणाले, "सुना. आगे."

भाऊरावांनी डोळे उघडले.

पुढचे पाच आले. ते परत गेले. पुढचे आले. परत गेले. असं शेवटपर्यंत. आणि मग भाऊराव गप्प झाले. झटका आल्यापासून पहिल्यांदा आकडे परत सुरू झाले नाहीत. प्रमोद तोंड फिरवून खिडकीशी गेला. मी मात्र वाट पाहत होते, की आता निरोप येणार. लाइन लागली आहे, आता माणूस बोलणार, हो किंवा नाही. भाऊरावांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, पण शब्द निघाला नाही. नुसते महादेवरावांकडे पाहत राहिले.

"वयनी, तुमी बोला," महादेवराव म्हणाले. "लहान लहान बोला. एक बोलाचं न् थांबाचं. परत आलं का मंग पुढचं."

कौसल्याबाई त्यांच्या जागेवर बसल्या. आधी पदर नीट केला. हे जसं झालं तसंच लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"मी कौसल्या."

"कौसल्या," भाऊराव म्हणाले. जड जिभेनं, पण म्हणाले.

"तुमचा पाय सडला."

"पाय सडला."

"तो कापाचा आहे."

इथं वेळ लागला. बाई थांबल्या. मीच मधे बोलणार होते, महादेवरावांनी हातानं अडवलं.

"कापाचा आहे."

"नाई कापला तं जीव जाते."

"जीव जाते."

"कापू देऊ का?"

"कापू देऊ का," भाऊराव म्हणाले.

प्रश्न जसाच्या तसा परत आला. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच परत आला, त्याच चालीत. मग वॉर्डात जो गोंधळ झाला तो विचारू नका. प्रमोद म्हणाला, बाबा हो म्हणाले, 'कापू देऊ' म्हणाले. मी म्हटलं, ते नुसतं परत बोलले, याला होकार म्हणत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात असं होतं, ऐकलेलं जसंच्या तसं परत येतं, त्यातून कळलं आहे की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं, मग 'कापाचा आहे' म्हणायला एवढा वेळ का लागला? त्या म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही." प्रामाणिक बाई. मला त्या क्षणी त्यांचा प्रामाणिकपणा सहन होत नव्हता. मी महादेवरावांकडे वळले. तुम्ही सांगा, तुमच्या कामात याचा अर्थ काय?

"परत बोलला म्हणजे पोचलं," ते म्हणाले. "बस. मानलं असं नाई. नाई मानलं असंबी नाई. पोचलं."

"पोचल्याचा मला उपयोग काय?"

माझं हे जरा मोठ्यानं झालं. बाजूच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. कौसल्याबाईंनी वर पाहिलं.

"तुले नसंल उपयोग," त्या म्हणाल्या. "मले आहे. यायनं मले जिंदगीत एक गोष्ट आंधी सांगतली नाई. बदली झाली, मंग सांगतलं. बैलजोडी इकली, मंग सांगतलं. लढाईवर गेले, ते मले शेजारणीच्या तोंडून समजलं. मी आज यायले आंधी सांगतलं. यायले पोचलं. आता मी ठरवीन."

मी म्हटलं, "मावशी, पण ही त्यांची संमती नाही."

"मंग काय आहे?"

सगळी उमर शब्दांवर जगणारी मी, आणि त्याला काय म्हणायचं याचा शब्द माझ्याजवळ नव्हता. जबरदस्ती म्हणावी तर माणसाला तोंडावर, त्याच्या रीतीनं सगळं सांगितलं होतं. होकार म्हणावा तर त्यानं दिला नव्हता. बाईंनी पत्रक माझ्या हातात दिलं, डॉक्टरांकडून कागद मागून घेतला आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढत. दुपारी पाय काढला.

त्यावर मी फार भांडले आहे, आमच्या बैठकीत आणि स्वतःशीही. एक कार्यकर्ता म्हणाला, बाईनं नवऱ्यावर सूड घेतला. दुसरा म्हणाला, नवऱ्याचा जीव वाचवला, यात चर्चा कसली. दोघांशीही माझं भांडण झालं. पत्रकाची पुढची आवृत्ती काढायची होती. बोलता न येणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ घालू, असं ठरलं. ती ओळ मी किती वेळा लिहिली आणि खोडली. 'घरच्यांनी ठरवावं' असं लिहिलं की मला ते बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरचे नवरे दिसतात. 'कोणीच ठरवू नये' असं लिहिलं की तो काळा पडत चाललेला पाय दिसतो. 'आधी सांगा' एवढंच लिहावं, तर छापखानेवाला म्हणाला, ताई, वाक्य अर्धवट राहिलं. आवृत्ती त्या ओळीविना निघाली. मी अपवाद लिहीत नाही, हे सुरुवातीला ज्या तोऱ्यात सांगितलं, तो तोरा आता तितका राहिलेला नाही.

उन्हाळा संपताना मी नाचणगावला गेले. भाऊराव अंगणात खुर्चीवर बसले होते. पाय गुडघ्याखाली नव्हता, लुंगी नीट दुमडून खोचलेली. तब्येत बरी दिसत होती. कौसल्याबाई दळणासाठी गहू निवडत होत्या आणि मधूनच काहीतरी बोलायच्या. "ऊन आलं." तिकडून यायचं, "ऊन आलं." "खुर्ची सरकवते." "खुर्ची सरकवते." शेजारच्या पोरींना सुरुवातीला हसू यायचं म्हणे, आता येत नाही. आता भाऊराव एखाददुसरा शब्द आपल्या मनानंही बोलतात, असं बाईंनी सांगितलं. पाणी. चहा. परवा 'प्रमोद कुठं' असं विचारलं. आणि परवाच बाजारातून आलेला एक कागद हाताशी ओढून, चुलीकडे बोट दाखवून, "जाळ" म्हणाले. बाई हे सांगताना हसत होत्या. "अन् जाळला वो मी," त्या म्हणाल्या.

म्हणजे आता विचारता येत होतं. माझ्या डोक्यात गेले कित्येक महिने एकच प्रश्न घोळत होता. मी खुर्चीजवळ गेले, वाकले आणि विचारायला तोंड उघडलं, की बावाजी, पाय काढला ते तुम्हाला मंजूर होतं का? राग आहे का? कौसल्याबाईंनी माझा दंड धरला. चांगला घट्ट धरला आणि मला ओसरीत नेलं.

"ते नको इचारू."

मी म्हटलं, आता ते सांगू शकतील, मावशी. खरं काय ते कळेल. तुम्ही इतके दिवस कसं विचारलं नाही?

त्यांनी बाहेर पाहिलं. भाऊराव आमच्याकडे पाठ करून बसले होते, मान ताठ, कुणीतरी पुढचं बोलेल याची वाट पाहत असल्यासारखे.

"इचारलं तं ते सांगतीन ना," त्या म्हणाल्या, आणि सुपातले खडे निवडायला परत बाहेर गेल्या.